मे महिन्यात एका फ्लॅटला सरासरी किती युनिट लागतात? २० बिलांवरून कॉन्फिडन्स इंटरव्हल कसा काढायचा

नागपुरात कुठल्याही सोसायटीत सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, भर उन्हाळ्यात एका घराला सरासरी युनिट किती लागतात? कोणी म्हणतं तीनशे, कोणी म्हणतं पाचशेच्या खाली कोणाचं येतच नाही, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचाच आकडा मीटिंगच्या रजिस्टरमध्ये जातो. सगळ्यांची बिलं गोळा करणं होत नाही हे मान्य, पण वीस-पंचवीस बिलं नीट निवडून घेतली तर चांगला अंदाज निघतो, आणि तो अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो हेही आकड्यात सांगता येतं. त्या "इकडेतिकडे"चाच हिशोब म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल. गणित दहावीच्या पलीकडचं नाही, कॅल्क्युलेटर आणि वर्गमूळ जमलं की झालं, खरी मेहनत गणिताच्या आधीच आहे आणि बहुतेक लोक नेमकं तिथेच घाई करतात म्हणून मी त्यावर जास्त लिहिणार आहे.

उदाहरण म्हणून बेसा-मनीषनगरकडची २४० फ्लॅटची एक सोसायटी धरू. खालचे आकडे समजवण्यासाठी घेतलेले आहेत, तुम्ही तुमच्या बिलांचे टाका.

आधी ठरवा, सरासरी नेमकी कोणाची पाहिजे

ज्या सगळ्या गटाबद्दल बोलायचं आहे तो गट म्हणजे पॉप्युलेशन. इथे २४० फ्लॅट. सोपं वाटतं, पण लगेच प्रश्न सुरू होतात. रिकामे पडलेले फ्लॅट धरायचे का? भाड्याने दिलेले? ज्याने दोन फ्लॅट जोडून एक केला पण मीटर दोन ठेवले त्याचं काय करायचं? यात एकच बरोबर उत्तर नसतं, तुम्हाला आकडा कशासाठी पाहिजे त्यावर ते ठरतं, पण जे काय ठरवाल ते बिलं गोळा करायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. आकडे बघून झाल्यावर "हा फ्लॅट नको, तो घ्या" सुरू केलं की पुढचं सगळं गणित वाया.

दुसरी गोष्ट महिन्याची. बिलावरचा मे आणि कॅलेंडरचा मे एकच असेल असं नाही. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग दोघांच्या तारखा असतात त्या बघा, कोणाचं २९ दिवसांचं असतं कोणाचं ३३ दिवसांचं. युनिटला दिवसांनी भागा आणि ३० ने गुणा, म्हणजे सगळे एका मापात येतात. ३३ दिवसांत ३८५ युनिट म्हणजे ३० दिवसांचे ३५०, आता हा ३५ युनिटचा फरक कूलरचाही नाही आणि एसीचाही नाही, नुसता तारखांचा आहे. आणि ज्या बिलात रीडिंग मिळालं नाही म्हणून सरासरीवर बिल लावलेलं असतं ते तसंच घेऊ नका, पुढच्या महिन्याचं खरं रीडिंग आलं की त्यावरून हिशोब लावा.

फ्लॅट कसे निवडायचे, सगळ्यात महत्त्वाचं काम

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आपापले मे महिन्याचे युनिट टाका" असा मेसेज सोडायचा. हे करू नका. उत्तर कोण देतं बघा ना, ज्याचं बिल बघून डोकं फिरलंय तो पहिले देतो, ज्याचं दोनशे युनिट आलं तो गप्प राहतो. दुपारी दार वाजवत फिरलं तरी तेच, मेच्या दुपारी जे घरी आहेत त्यांचाच कूलर दिवसभर चालतो, जे दोघंही मिहानला नोकरीला जातात त्यांच्या दाराला कुलूप. तर्री-पोह्याच्या गाडीवर पातेल्याच्या वरवरून डाव घेतला तर नुसता तवंग येतो आणि तळातून घेतला तर नुसते चणे, तसंच आहे हे, पातेल्यात काय आहे ते कळायला ढवळूनच घ्यावं लागतं. आपल्या कामात ढवळणं म्हणजे रँडम निवड.

करायचं कसं? सेक्रेटरीकडून सगळ्या २४० फ्लॅटची यादी घ्या, १ ते २४० नंबर द्या, आणि एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये रँडबिटवीन फंक्शनने १ ते २४० मधले वीस नंबर काढा, एखादा नंबर दोनदा आला तर तो सोडून पुढचा घ्या. शीटवर भरवसा नसेल तर २४० चिठ्ठ्या करून डब्यात घाला आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काढा. मला तर हेच आवडतं, कारण नंतर कोणी म्हणत नाही की तुम्ही मुद्दाम तिसऱ्या विंगचे घेतले. नंबर निघाले की ती यादी फायनल, त्यात बदल नाही.

आता ज्या फ्लॅटचा नंबर निघाला तिथे कुलूप असेल तर? शेजारच्याचं बिल घेऊन मोकळं व्हायचं नाही. मेमध्ये शाळांना सुट्ट्या असतात, कितीतरी घरं महिनाभर गावी जातात, त्यांचे युनिट कमी असतात आणि दाराला कुलूपही त्यांच्याच असतं. त्यांना गाळून जे घरी आहेत त्यांचं घेतलं की सरासरी आपोआप वर सरकते. फोन करा, जूनमध्ये परत आले की घ्या, बिल कुठे पळून जात नाही. तरीही एखाद्याने साफ नाहीच म्हटलं तर तसं लिहून ठेवा, वीसपैकी किती जणांनी दिलं नाही हा आकडा रिपोर्टमध्ये गेलाच पाहिजे.

यावर एवढा जोर देतोय त्याला कारण आहे. आपल्याच साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, शेतीच्या सर्व्हेमधलं जगभर मानलं गेलेलं नाव. १९४० च्या दशकात पिकाचा अंदाज काढायला शेतात छोटासा तुकडा आखून तेवढंच पीक कापून मोजायची पद्धत वापरात होती, त्यावर काम करताना सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार छोटा घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. काहून? तर कडेवरची झाडं आत धरायची की बाहेर हा प्रश्न येतो तेव्हा मोजणाऱ्याचा हात ती आत धरण्याकडे जातो, आणि तुकडा जितका छोटा तितका कडेचा वाटा मोठा. असे हजार तुकडे घेतले असते तरी चूक तेवढीच राहिली असती, उलट कॉन्फिडन्स इंटरव्हल मस्त अरुंद आला असता आणि तो अरुंद इंटरव्हल चुकीच्या जागी बसला असता. इंटरव्हल फक्त नशिबाने होणारी हालचाल मोजतो, निवडीतला किंवा मोजणीतला एकतर्फी कल त्याला दिसतच नाही. फॉर्म्युला लावायला बसण्याआधी हे डोक्यात पक्कं पाहिजे.

आकडे मांडा आणि नुसते बघा

समजा वीस फ्लॅटचे ३० दिवसांचे युनिट असे आले, चढत्या क्रमाने लावलेत:

१४२, २१०, २३५, २४८, २६२, २७५, २८८, ३०१, ३१५, ३२२, ३३८, ३५०, ३६४, ३८५, ४०२, ४२८, ४६५, ५१२, ५९०, ७६८

लगेच सरासरी काढू नका, एक मिनिट नजर फिरवा. १४२ वालं घर कदाचित सुट्टीत बाहेर होतं. २३५ ते ३५० हा कूलरवाल्यांचा पट्टा दिसतो, त्याच्या वर एसी सुरू होतात. ७६८ बाकीच्यांपासून तुटून लांब आहे, तो टायपिंगमध्ये चुकला का हे बिल परत बघून तपासा. आकडा चुकीचा असेल तर दुरुस्त करा, पण बरोबर असेल तर राहू द्या, तीन-तीन एसीवालं घरही सोसायटीतच आहे. नुसता मोठा दिसतो म्हणून तो काढला तर सरासरी ३६० वरून ३३८.५ वर येते आणि पसारा खूपच कमी दिसतो, चित्र सुंदर होतं आणि खोटं होतं.

सरासरी, मग एसडी

बेरीज ७२००, भागिले २०, सरासरी ३६०. हा झाला एका आकड्यातला अंदाज.

आता पसारा मोजायचा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, पुढे एसडी म्हणू. प्रत्येक आकड्यातून ३६० वजा करा आणि येईल त्याचा वर्ग करा. १४२ साठी फरक उणे २१८, वर्ग ४७,५२४. ३६४ साठी फरक ४, वर्ग १६. ७६८ साठी फरक ४०८, वर्ग १,६६,४६४. असे वीसही वर्ग करून बेरीज घेतली की ३,८८,२६२ येते, त्यातला जवळजवळ ४३ टक्के वाटा त्या एकट्या ७६८ चा आहे, यावरून कळतं की एसडी लांबच्या आकड्याला किती घाबरतो. या बेरजेला १९ ने भागा, म्हणजे २०,४३४.८, आणि वर्गमूळ घ्या, १४२.९५.

१९ ने का, २० ने का नाही? कारण आपण फरक मोजले ते सोसायटीच्या खऱ्या सरासरीपासून नाही तर या वीस बिलांच्याच सरासरीपासून, आणि ती या आकड्यांच्या बरोबर मधोमध बसते, त्यामुळे फरक जरा कमीच भरतात. एकने कमी भागलं की ती कसर भरून निघते. एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही डॉट एस हे फंक्शन १९ वालं, एसटीडीईव्ही डॉट पी हे २० वालं. आपल्याला एस पाहिजे.

स्टँडर्ड एरर

१४२.९५ हा घराघरातला फरक झाला. आपल्याला पाहिजे ते वेगळंच आहे. चिठ्ठ्या परत डब्यात टाकून दुसरे वीस फ्लॅट काढले असते तर सरासरी ३६० च्या जागी ३४२ आली असती, तिसऱ्या वेळी ३८१, म्हणजे सरासरी स्वतःच हलते, ती साधारण किती हलते? ते सांगतो स्टँडर्ड एरर. एसडीला सॅम्पलच्या, म्हणजे निवडलेल्या फ्लॅटच्या, संख्येच्या वर्गमूळाने भागा. २० चं वर्गमूळ ४.४७२, म्हणून १४२.९५ भागिले ४.४७२, उत्तर ३१.९६.

पण इथे एक फायदा आहे जो पुस्तकात मागच्या पानावर असतो म्हणून लोक विसरतात. आपली सोसायटी २४० चीच आहे आणि त्यातले २० आपण बघूनच टाकले, त्यांच्याबद्दल आता शंका नाही. तेवढ्यासाठी स्टँडर्ड एरर थोडा कमी करता येतो. १ मधून २०/२४० वजा करा, ०.९१६७, त्याचं वर्गमूळ ०.९५७, त्याने ३१.९६ ला गुणा, ३०.६० आलं. पॉप्युलेशन हजारोंचं असेल, समजा पूर्ण बेसा, तर ही दुरुस्ती नगण्य, सोडून द्या. सॅम्पल पॉप्युलेशनच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मात्र नक्की लावा, आपलं ८ टक्क्यांच्या वर आहे.

टी चा आकडा

आता या ३०.६० ला कितीने गुणायचं? खूप जण डोळे झाकून १.९६ लावतात. ते तेव्हा बरोबर जेव्हा पॉप्युलेशनचा खरा एसडी माहीत असतो किंवा सॅम्पल खूप मोठं असतं. आपला एसडीसुद्धा वीस बिलांवरूनच काढलेला आहे, तो स्वतः इकडेतिकडे असू शकतो, म्हणून गुणक थोडा मोठा पाहिजे. हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला रोज पडायचा, तिथे प्रयोगाचे आकडे मूठभरच असायचे. त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने उत्तर छापलं, त्यातूनच आज आपण वापरतो तो टी चा तक्ता उभा राहिला.

तक्त्यात सॅम्पलमधून एक वजा करून बघायचं, आपलं १९. ९५ टक्के भरवशासाठी (याचा नेमका अर्थ पुढे सांगतो) १९ समोर २.०९३ आहे. दहाच बिलं असती तर ९ समोर २.२६२, तीस असती तर २९ समोर २.०४५, असं हळूहळू १.९६ कडे जातं. एक्सेलमध्ये टी डॉट आयएनव्ही डॉट टूटी मध्ये ०.०५ आणि १९ टाकलं की हाच आकडा मिळतो. कॉन्फिडन्स डॉट टी नावाचं फंक्शनही आहे, त्यात ०.०५, एसडी आणि २० दिलं की थेट ६६.९ देतं, फक्त त्यात वरची २४० वाली दुरुस्ती नसते, ती आपल्याला ०.९५७ ने गुणून करावी लागते.

२.०९३ गुणिले ३०.६० म्हणजे ६४. झालं. ३६० उणे ६४, ३६० अधिक ६४.

२९६ ते ४२४ युनिट.

आता याचा अर्थ काय, आणि काय नाही

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक ही, की "९५ टक्के फ्लॅटचा वापर २९६ ते ४२४ मध्ये आहे". वर आपली यादी परत बघा, २९६ आणि ४२४ च्या मध्ये किती घरं आहेत? ३०१ पासून ४०२ पर्यंत, आठ. वीसपैकी आठच. हा इंटरव्हल घरांबद्दल नाहीच, सोसायटीच्या सरासरीबद्दल आहे. एकेका घराचा अंदाज पाहिजे असेल तर ते वेगळं गणित आहे आणि त्याचा पट्टा कितीतरी रुंद असतो.

दुसरी चूक जरा बारीक आहे. "खरी सरासरी या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के" असं आपण सहज बोलून जातो. जर्झी नेमनने १९३७ मध्ये ही पद्धत पक्की मांडली तेव्हा त्याचा हिशोब असा होता की ९५ टक्के हा भरवसा पद्धतीचा आहे. सोसायटीची खरी सरासरी एकच आहे, ती हलत नाही, हलतो तो आपला पट्टा. चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा काढून दर वेळी असाच पट्टा बांधत गेलो तर शंभरातल्या साधारण पंच्याण्णव वेळा खरी सरासरी पट्ट्यात सापडेल आणि पाच वेळा सुटेल, आपल्या हातातला पट्टा त्या पंच्याण्णवातला आहे की पाचातला हे बघून कळत नाही. मीटिंगमध्ये एवढं सगळं सांगायची गरज नाही पण सांगणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

जास्त भरवसा पाहिजे तर पट्टा रुंद होतो, फुकट काही मिळत नाही. ९९ टक्क्यांसाठी गुणक २.८६१, पट्टा २७२ ते ४४८. ९० टक्क्यांसाठी १.७२९, पट्टा ३०७ ते ४१३. कोणता घ्यायचा हे आधी ठरवा, निकाल बघून सोयीचा उचलायचा नाही.

अजून एक शंका हुशार पोरं काढतात, की आकडे तर एका बाजूला झुकलेले आहेत, वर लांब शेपूट आहे, मग हे चालतं का? घराघराचे आकडे झुकलेले असले तरी वीस-तीस घरांच्या सरासऱ्या बऱ्यापैकी घंटेच्या आकारात येतात, त्यामुळे एवढ्या झुकावाला टी पद्धत बऱ्यापैकी सांभाळून घेते. पण यादीत एक-दोन आकडे बाकीच्यांच्या दहापट असते, समजा कोणाच्या घरात पिठाची गिरणी आहे, तर वीसवर थांबू नका, चाळीसच्या पुढे जा किंवा अशा घरांचा गट वेगळा करून त्यांची सगळीच बिलं घ्या.

पट्टा फार रुंद वाटतोय?

वाटणारच. २४० ने गुणलं तर सोसायटीचा एकूण वापर ७१,००० ते १,०१,८०० युनिटच्या मध्ये कुठेतरी, यावर कोणी निर्णय घेणार नाही. म्हणून हे वीस पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, समजा आणि यातल्या एसडीवरून पुढचा हिशोब करा. किती पर्यंतचा फरक चालेल ते ठरवा, समजा सरासरीच्या दोन्हीकडे ४० युनिट. सॅम्पल आता मोठं होणार म्हणून इथे १.९६ चालतो. १.९६ गुणिले १४३ भागिले ४०, त्याचा वर्ग, साधारण ४९. आता २४० ची दुरुस्ती, ४९ ला (१ + ४९/२४०) ने भागा, ४१ बिलं. फरक २५ वर आणायचा असेल तर याच रस्त्याने ८३ बिलं लागतात. बघा, ४० वरून २५ वर यायला सॅम्पल दुप्पट झालं, आणि ही दुरुस्ती नसती तर अडीचपट झालं असतं. फरक अर्धा करायला सॅम्पल चौपट हा जुना नियम मोठ्या पॉप्युलेशनमध्ये जसाच्या तसा लागू होतो, म्हणून उगाच "अगदी अचूक" मागू नका, एवढी दारं कोण वाजवणार.

बिलं न वाढवता पट्टा आवळायचा एक चांगला मार्ग आहे. सोसायटीत १६० टूबीएचके आणि ८० थ्रीबीएचके असतील तर दोन वेगळ्या याद्या करा आणि प्रत्येक यादीतून वेगळ्या चिठ्ठ्या काढा. प्रत्येक गटाची सरासरी काढून टूबीएचकेला दोन तृतीयांश आणि थ्रीबीएचकेला एक तृतीयांश वजन देऊन मिळवा. स्टँडर्ड एररसाठी दोन्ही गटांच्या स्टँडर्ड एररचे वर्ग आपापल्या वजनाच्या वर्गाने गुणून बेरीज, मग वर्गमूळ. गटाच्या आत घरं एकमेकांसारखी असतील तर पट्टा छान कमी होतो, कारण लहान-मोठ्या फ्लॅटमधला फरक हिशोबातून बाहेर पडतो.

नोटीस बोर्डावर लावायचं असेल तर असं लिहा: "सोसायटीच्या २४० फ्लॅटमधून चिठ्ठ्या काढून निवडलेल्या २० फ्लॅटच्या बिलांवरून, मे महिन्यात (३० दिवस) एका फ्लॅटचा सरासरी वापर ३६० युनिट, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २९६ ते ४२४. रिकामे फ्लॅट धरलेले नाहीत." ते शेवटचं वाक्य तुम्ही सुरुवातीला जे ठरवलं त्याप्रमाणे बदला, म्हणजे रिकामे खरंच गाळले असतील तर यादीतूनही गेले पाहिजेत आणि वरचा २४० चा आकडाही तेवढा कमी झाला पाहिजे. कोणी बिल दिलं नसेल तर तेही इथेच लिहा.

आणि या ३६० ला बारा ने गुणून वर्षाचा वापर काढू नका. नागपूरचा मे म्हणजे शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, कूलर रात्रभर चालतात, हा वर्षातल्या सगळ्यात जड महिन्यांपैकी एक, जानेवारीत त्याच घराचं बिल ओळखू येत नाही. वर्षाचा आकडा पाहिजे तर त्याच वीस फ्लॅटच्या बिलांवर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो तो उतरवून घ्या, प्रत्येक फ्लॅटची बारा महिन्यांची एक बेरीज करा आणि त्या वीस बेरजांवर हाच सगळा हिशोब परत लावा.